पृथ्वीप्रदक्षिणा आणि सोबती

जगाच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावयास मजसारख्या माणसास पाचारण व्हावे, यात थोडा विनोद आहे. पस्तीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकविला. ऱ्हाईन नदी कोठे उगम पावते आणि कोणत्या समुद्रास मिळते, ग्रिनिचच्या रेखावृत्तास शून्य का मानतात, हे सारे मी फळ्यावर खडूने काढून दाखवीत असे. आणि शाळा सुटली की सफाळे स्थानकावर उतरून माकुणसारची वाट धरीत असे. माझ्या पायांच्या ओळखीचा भूगोल म्हणजे गावची खाडी, भाताची शेते, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या आणि गुजरातेकडे जाणारा लोहमार्ग, एवढाच. ज्या प्रदेशांची परीक्षा मी शेकडो मुलांकडून घेतली, त्यांपैकी एकही मी पाहिलेला नव्हता. ही गोष्ट वर्गातील एखाद्या चाणाक्ष मुलाच्या ध्यानात येई आणि तो विचारी, "गुरुजी, तुम्ही गेला होता का?" त्या प्रश्नावर मी नकाशाची गुंडाळी करावयास लागत असे.

निवृत्तीनंतर तो योग आला, आणि तो माझ्या बालमित्रामुळे आला. हा मित्र आमच्याच गावचा वाडीवाला. आम्ही एकाच पाटीवर अक्षरे गिरविली. तो चौथीनंतर वाडीत उतरला, मी पुढे शिकलो. परंतु साठ वर्षांत आमची संध्याकाळची बैठक सहसा चुकली नाही. त्याच्या मुलाने एका प्रवासी कंपनीकडे पैसे भरून वडिलांस युरोपची सहल करविण्याचे ठरविले, तेव्हा मित्राने एकच अट घातली, ती म्हणजे मास्तर बरोबर हवा. माझ्या निवृत्तिवेतनातील शिलकीस हा मोठाच खड्डा होता, तथापि नाही म्हणण्याइतका मी विरक्त नाही.

पंधरा दिवसांत दहा देश, अशी ती जाहिरात होती. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, ऑस्ट्रिया, इटली आणि व्हॅटिकन. यांतील लिश्टेनश्टाइनचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर आहे आणि व्हॅटिकन तर अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान. परंतु जाहिरातीच्या हिशेबात देश तो देश. माझा मित्र प्रत्येक सरहद्द ओलांडली की एक बोट मिटून घेई. मला त्याचा राग येई. आठ दिवसांनी त्याची सात बोटे मिटलेली होती, आणि मी त्यास म्हटले, "अरे, आपण देश पाहावयास आलो की मोजावयास?" तो म्हणाला, "मास्तर, एवढ्या पैशांत मोजायला तरी पुरते दे."

वेगाविषयी काय सांगावे! लंडनला दीड दिवस. त्यांतील दोन तास मेणाच्या पुतळ्यांकडे गेले. ग्रिनिच तेथून हाकेच्या अंतरावर. ज्या रेषेवर उभे राहून एक पाय पूर्व गोलार्धात आणि दुसरा पश्चिम गोलार्धात ठेवता येतो, १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत जिला साऱ्या जगाची शून्य रेषा म्हणून मान्यता मिळाली, ती पाहण्याची माझी तीस वर्षांची इच्छा. मी मार्गदर्शकास विनंती केली. तो तरुण अदबीने म्हणाला, "सर, ते कार्यक्रमात नाही." ऱ्हाईन मला तीनदा भेटली. एकदा कलोन येथे, १५७ मीटर उंचीच्या जोडमनोऱ्यांच्या मंदिराशेजारी, पंचवीस मिनिटे. एकदा शाफहाउजेन जवळच्या धबधब्यावर, जेथे ती दीडशे मीटर रुंद पसरून तेवीस मीटर खाली उडी घेते, चाळीस मिनिटे. आणि एकदा लिश्टेनश्टाइनमध्ये शिरताना, पुलावरून, आठ-दहा सेकंद. सव्वा हजार किलोमीटर वाहणारी नदी मी पस्तीस वर्षे शिकविली आणि एक तास पाच मिनिटे पाहिली.

मार्गदर्शकास मात्र मी दोष देत नाही. त्याच्या घाईमागे एक कायदा होता, तो मला पुढे कळला. युरोपात मोटारगाडीच्या चालकाने सलग साडेचार तासांहून अधिक काळ गाडी चालवू नये, त्यानंतर पाऊण तास विश्रांती घेतलीच पाहिजे, आणि दिवसाचे एकंदर तासही ठरलेले, असा दंडक आहे. गाडीत एक यंत्र बसविलेले असते, ते मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. सकाळी कोणी न्याहारीस दहा मिनिटे उशीर केला, तर ती दहा मिनिटे सायंकाळच्या एखाद्या तळ्यातून अथवा मंदिरातून वजा होतात. चाळीस माणसांच्या सहलीत वेळ हे असे सामाईक धन असते. हे ध्यानात ठेवूनच पुढची हकीकत ऐकावी, कारण तीत अपराधी कोण, याचा निर्णय मला अजून नीटसा करता आलेला नाही.

ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ वाटेन्स नावाचे गाव आहे. १८९५ सालापासून तेथे स्फटिक कापण्याचा कारखाना आहे आणि त्यास शंभर वर्षे झाली तेव्हा कारखानदारांनी एक झगझगीत संग्रहालय उभारले. सहलीतील बायाबापड्यांना त्याचे अपार कौतुक. आत काचेचे डोंगर, बाहेर काचेचे दुकान. दीड तासाने सर्वजण गाडीत बसले, डोकी मोजली, एक कमी. तो माझा मित्र. पाच मिनिटे गेली, दहा गेली. सर्व माना माझ्याकडे वळल्या, कारण सोबती हरवला म्हणजे दुसरा सोबती जबाबदार, हे साऱ्या जगात गृहीत आहे. मी उतरलो. संग्रहालय पाहिले, शौचगृह पाहिले, उपाहारगृह पाहिले. शेवटी रस्त्यापलीकडच्या एका गल्लीत, घरांच्या मागे, एका कुंपणाशी तो दिसला. म्हणजे कुंपणाच्या आतच होता. घरामागे भाजीचा चिमुकला मळा. तेथे आमच्याहून दहा वर्षांनी वडील असा एक ऑस्ट्रियन म्हातारा मटाराच्या वेलींना काटक्यांचा आधार देत होता, आणि माझा मित्र त्याच्या शेजारी उकिडवा बसून, त्याच्या हातातील सुतळी आपल्या हाती घेऊन, त्यास गाठ मारून दाखवीत होता. पानवेल बांधताना आपल्याकडे जी सैल गाठ मारतात, वेल जाड झाली तरी जी काचत नाही, तीच ती गाठ. म्हाताऱ्याने ती सोडली, पुन्हा मारली, चुकली, पुन्हा मारली. दोघेही हसत होते. एकास मराठीखेरीज काही येत नव्हते, दुसऱ्यास जर्मनखेरीज.

हे दृश्य पाहून मी आनंदित व्हावयास हवे होते. परंतु गाडीत एकोणचाळीस माणसे ताटकळलेली आणि यंत्र मिनिटे मोजीत असलेले. मी त्यास हाताला धरून ओढीत आणला. गाडीत शिरताच, आपल्यावरचा दोष उतरविण्यासाठी म्हणा, मी सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली. वर्गात करीत असे तशी. "वाडी सोडून तुला जगात काही दिसतच नाही. पुन्हा म्हणून तुझ्यासंगे घराबाहेर पाऊल टाकणार नाही," असे मी बोललो. तो काही बोलला नाही. त्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

त्यानंतर व्हेनिस झाले, फ्लॉरेन्स झाले, पिसाचा कललेला मनोरा झाला. चार दिवस आम्ही एका खोलीत निजलो आणि एकमेकांशी बोललो नाही. मजला रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यावी लागते आणि ती मी हटकून विसरतो. त्या चारही सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला माझ्या उशाशी ठेवलेला असे. ठेवणारा तोवर खाली न्याहारीस गेलेला असे. रोमला पोहोचलो. संत पीटरच्या मंदिरासमोरील त्या विशाल प्रांगणात जमिनीवर व्हॅटिकनची हद्द दाखविणारी एक पांढरी रेघ आहे. ती आम्ही ओलांडली आणि मागून आवाज आला, "मास्तर, हा दहावा ना?" मी मागे वळून पाहिले. त्याने नऊ बोटे मिटलेली होती आणि एक माझ्या होकारासाठी उघडे ठेविले होते. मी म्हटले, "होय, दहावा." समेट झाला तो एवढाच.

घरी परतल्यावर कित्येक दिवस मला चैन पडेना. पंधरा दिवसांत ज्याचा सहवास मला सोसला नाही, त्याच्याबरोबर मी साठ वर्षे कशी काढली? गावात आम्हास एकमेकांपासून उठून जाण्यास घरे होती, हे एक. परंतु प्रवासात सोबत टिकते ती कशी, आणि दूरदूरचे प्रवास माणसांनी सोबतीने केले ते कसे, हा प्रश्न डोक्यात घोळू लागला. आणि त्या शोधात मी आमच्या लोहमार्गाच्या दक्षिण टोकाशी, मुंबईतच, येऊन थांबलो.

श्रोत्यांपैकी कित्येकांस हे ठाऊक असेल, परंतु मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. दिनांक १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका वजन उचलण्याच्या व्यायाममंडळातील सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, इटली, आल्प्स, इंग्लंड, मग जहाजाने अमेरिका, तेथे पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत पुन्हा सायकल, पुढे जपान, कोरिया, चीन, आणि आग्नेय आशियातून ब्रह्मदेशमार्गे परत. सहांपैकी तिघे निरनिराळ्या टप्प्यांवर गळाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. चार वर्षे आणि पाच महिने. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, तेव्हा पावणेदोन प्रदक्षिणा झाल्या म्हणावयाच्या. मास्तरकीची खोड जात नाही म्हणून मी भागाकारही करून पाहिला. दिवसास सरासरी चव्वेचाळीस किलोमीटर पडतात. आमची सहलीची गाडी तेवढे अंतर अर्ध्या तासात काटीत असे.

परंतु मला जे हवे होते ते याहून पुढच्या हकीकतीत मिळाले. हे सहाजण निघून गेल्यावर तीन महिन्यांनी, जानेवारी १९२४ मध्ये, फ्रामरोज दावर नावाचा दुसरा एक पारशी गृहस्थ सायकलीवरून मुंबई सोडून निघाला. वय सुमारे तीस, व्यवसाय वर्तमानपत्रात खेळांविषयी लिहिण्याचा. तो एकटाच निघाला. एकट्यानेच इराणपार होऊन युरोपात शिरला आणि व्हिएन्नास पोहोचला. तेथे त्यास गुस्ताव श्ताव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला. एक मुंबईचा, दुसरा व्हिएन्नाचा. एकाची घरची भाषा गुजराती, दुसऱ्याची जर्मन. आणि श्रोतेहो, ते दोघे पुढे १९३१ पर्यंत एकमेकांस सोडून गेले नाहीत. पाच खंड, बावन्न देश, सुमारे १,१०,००० किलोमीटर. म्हणजे विषुववृत्ताच्या पावणेतीन प्रदक्षिणा.

त्यांनी सहारा ओलांडले. वाळूत सायकल चालत नाही, ती वाहून न्यावी लागते. हे मी पुस्तकावाचून सांगू शकतो, कारण माकुणसारच्या माझ्या सायकलीस केळव्याच्या पुळणीवर मी अनेकदा खांद्यावर घेतले आहे, आणि शंभर पावलांत माझा जीव मेटाकुटीस आला आहे. त्यांनी दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत ओलांडला, आणि तेथून ते ॲमेझॉनच्या अरण्यात उतरले. त्या अरण्यातून बाहेर पडावयास त्यांना कित्येक महिने लागले. दावर यांनी पुढे सहारावर आणि ॲमेझॉनवर पुस्तके लिहिली.

वाचन करताना माझे मन त्या पर्वतांवर फारसे रेंगाळले नाही. मी विचार करीत राहिलो तो रात्रींचा. दिवसभर सायकल ढकलून दोन माणसे एका शेकोटीशी बसतात. दोघांपैकी कोणा एकाने आज वाट चुकविलेली असणार. कोणाच्या तरी हातून पाणी सांडलेले असणार. एकास ताप आला म्हणून दुसऱ्याचे आठ दिवस बुडालेले असणार. तेथे उठून जावयास घर नाही, आणि ज्यांच्यासमोर आपण निर्दोष ठरावे अशी एकोणचाळीस माणसेही नाहीत. मला वाटते, वाटेन्सच्या त्या गाडीत चाळीस आसने नसती, दोनच असती, तर मी मित्रास इतके लागट बोललो नसतो. मला त्याचा राग आला होता त्याहून प्रेक्षकांची लाज अधिक वाटली होती.

एके सायंकाळी ओटीवर बसून मी ही सारी हकीकत मित्रास सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. श्ताव्यानिक ऑस्ट्रियन होता हे कळताच मात्र त्याचे डोळे लकाकले. "आपल्या म्हाताऱ्याच्या गावचा?" मी म्हटले, त्या गावचा नव्हे, त्या देशाचा. मग तो त्या दिवसानंतर प्रथमच त्या म्हाताऱ्याविषयी बोलला. म्हाताऱ्याने त्यास घराच्या वरच्या मजल्याची बंद खिडकी दाखविली होती, हात उंच करून मुलाची उंची दाखविली होती, आणि मग तोच हात दूर डोंगरापलीकडे नेला होता. नंतर मळ्याकडे बोट दाखवून हात पालथे केले होते. "मुलगा शहरात गेला. वाडी बघायला कोणी नाही. मला विचारत होता, तुझं काय? मी सांगितलं, माझंही तेच." मित्राचे दोन्ही मुलगे नोकरीस आहेत, एक बोईसरला आणि एक मुंबईस, वाडीत उतरणारा तोच शेवटचा, हे आम्हा सर्वांस ठाऊक आहे, पण तो स्वतः कधी ते बोलत नाही. माकुणसारमध्ये साठ वर्षांत जे त्याने मला सांगितले नाही, ते त्याने पंचवीस मिनिटांत, भाषेवाचून, एका परक्या मनुष्यास सांगितले होते. आणि ते चालू असतानाच मी त्याच्या दंडास धरून ओढीत नेले.

मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "गाठ मात्र शिकला तो."

सध्या आमचा दुसरा प्रवास चालू आहे. हकीम, बापासोला आणि भुमगरा यांनी लिहिलेले प्रवासवर्णन इंग्रजीत आहे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश मांडीवर घेऊन मी दुपारी दोन-तीन पाने वाचून ठेवतो आणि सायंकाळी ओटीवर मराठीत सांगतो. शाळेतून निवृत्त होताना मुलांनी मला पृथ्वीचा गोल भेट दिला होता, तो मध्ये ठेवलेला असतो. पुढे काय आहे हे मित्रास आधी हवे असते, म्हणून एके दिवशी मी त्यास पॅसिफिक महासागरातील वाररेषेचे कोडे सांगून टाकले. पश्चिमेकडे जात राहून पृथ्वीस वळसा घातला की पंचांगातील एक दिवस गळतो. मॅगेलनच्या काफिल्यातील उरलेले लोक १५२२ साली केप व्हर्द बेटांस लागले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावरील लोक गुरुवार म्हणत होते. आमचे पारशी वीरही अमेरिकेहून जपानास गेले, तेव्हा त्यांचाही एक वार बुडालाच असणार. मित्राने गोल हाताने फिरवून पाहिला, रेषेवर अंगठा ठेवला आणि विचारले, "आणि त्या दिवसाची मजुरी कोणी भरून द्यायची?" पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

वेगाच्या बाबतीत आमची प्रगती अगदी मंद आहे. दिवाळीस आम्ही मुंबई सोडली आणि अद्याप बगदादच्या पुढे अलेप्पोकडे जाणाऱ्या वाळवंटातच आहोत. प्रत्यक्षात त्या तरुणांनी ती सुमारे साडेनऊशे किलोमीटरची वाट तेवीस दिवसांत काटली. आम्हास महिना उलटून गेला. कारण मित्र मध्येच थांबवतो. पाणी कशात नेले? रात्री सायकली कोठे ठेवल्या? तेथील खजुरांना खत काय घालतात? ज्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही, त्यावर तो स्वतःच बोलतो, आणि मग वाळवंट बाजूस राहून वाडीच्या गोष्टी निघतात. मी घड्याळाकडे पाहात नाही. परवा सायंकाळी गावची वीज गेली, त्यामुळे ते तरुण एका विहिरीच्या शोधात अर्ध्या पानावर राहिले आहेत. काल मजला या भाषणाची तयारी होती. आज येथून निघून डहाणूची गाडी वेळेवर मिळाली, तर रात्री त्यांना पाण्यापर्यंत नेता येईल. मित्र ओटीवर वाट पाहात असेल.